सिद्धी कुणाच्या नावावर

राऊळांच्या खानदानात आजवर जी भांडणं झाली ती बांधावरून झाली, काजूच्या झाडावरून झाली, एकदा तर वाऱ्याने पडलेला नारळ कुणाच्या हद्दीत पडला ह्यावरून दोन वर्षं अबोला झाला. पण पोर कुणाचं, ह्यावरून त्या घरात कधी कुणी तोंड उघडलं नव्हतं. ते ह्या तयेच्या, म्हणजे हरतालिकेच्या दिवशी उघडलं, आणि तेही आयकराच्या एका नोटिशीमुळे.

गणपतीची चवथ उद्यावर आली होती. पाळी गावाहून शिवदास, त्याची बायको रेश्मा आणि पोरं आदल्या संध्याकाळीच पार्श्याच्या, म्हणजे गावच्या मूळ घरी येऊन थडकली होती. शिवदास पुढच्या वसरीत स्टुलावर चढून गणपतीच्या चौरंगावर फळाफुलांची माटोळी बांधत होता. खालून त्याचे वडील नारायण "उजवीकडे, अरे उजवीकडे" करत काठी नाचवत होते, आणि घरची थोरली सून सुमंगला स्वयंपाकघरात नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं सारण परतत होती. तयेचा उपास. पोटात सकाळपासून शहाळ्याचं पाणी, आणि नाकाशी गूळ-खोबऱ्याचा वास. अशा बाईच्या वाटेला त्या दिवशी जाऊ नये, एवढी अक्कल एरवी त्या घरात सगळ्यांना होती.

जावयाला नव्हती. रघुनाथ, म्हणजे नणंद ताराचा नवरा, म्हापशाच्या बँकेतून निवृत्त झाल्यापासून सासरच्या सगळ्यांची आयकराची विवरणपत्रं भरायचा. हौसेने भरायचा, फुकट भरायचा, आणि फुकट भरतो हे दर वेळी सांगायचा. आपल्या घरची चवथ ताराच्या गळ्यात टाकून तो मोटरसायकलवरून आला, वसरीत लॅपटॉप उघडून बसला, कपाळाचा घाम पुसला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला,

"गोकुळदास, तुला मूल कधी झालं?"

गोकुळदास म्हणजे सुमंगलेचा नवरा, शिवदासचा थोरला भाऊ. पेडण्याच्या एका सहकारी सोसायटीत कारकून. बसमध्ये दुसऱ्याने ह्याच्या पायावर पाय दिला तर हाच माफी मागणार, असा माणूस. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ह्या विषयावर गाव बोलून बोलून दमलं होतं, देवळातले उपाय दमले होते, म्हापशाचे डॉक्टर दमले होते. आणि आता जावई विचारतो, कधी झालं!

स्वयंपाकघरात सुमंगलेच्या हातातला कालथा थांबला. सारण तळाला लागलं तरी तिला कळलं नाही.

"गेल्या वर्षीच्या रिटर्नमध्ये तू मुलाच्या शाळेच्या फीची वजावट घेतलीस," रघुनाथ सांगत होता. "मी भरून दिलं त्यात ती नव्हती. तू मागाहून घातलीस. आता नोटीस आलीय. मुलाचा पुरावा द्या म्हणतात."

"पुरावो म्हणजे काय?" नारायण काठी टेकत पुढे आले. "पोर नेवन दाखवचा? खय? पणजेक?"

"कागद हो, बाबा. फीची पावती आणि नात्याचा दाखला. नाहीतर चूक कबूल करून कर भरा. मुदत उद्या संपते. उद्या चवथ, कोण बसणार? म्हणून आजच संपवून टाकू."

"खयचा पोर दाखवलंस रे दादा?" शिवदासने स्टुलावरूनच विचारलं.

गोकुळदास समोरच्या सुपातले माटोळीचे आंबट आंबाडे ह्या बाजूचे त्या बाजूला करत बसला. पण त्याच्या उत्तराची गरज कुणाला होती? त्या घरातून शाळेत जाणारं पोर एकच होतं, आणि ते ह्या क्षणी परसातल्या झाडावर चढून माटोळीसाठी फळं काढत होतं. सिद्धी. शिवदास-रेश्माचं तिसरं.

ही सिद्धी पार्श्याला आली तेव्हा तीन वर्षांची होती. खाणी बंद पडल्या, शिवदासचे दोन्ही ट्रक पाळीच्या रस्त्याकडेला गंजत उभे राहिले, गौरेश आणि सेजल शाळेतले, त्यांना हलवता येईना. धाकटीला चार महिने सुमंगलेकडे ठेवू, असं ठरलं. त्या चार महिन्यांना आता सात वर्षं झाली होती. खाणी परत सुरू झाल्या, ट्रक परत धावू लागले, पण चार महिने काही संपले नाहीत. ते संपले असं रेश्मा कधी म्हणेल, ह्या धास्तीत सुमंगला दर चवथीला, दर शिगम्याला, दर मे महिन्यात जीव मुठीत धरून असायची. रेश्मा पोरांसकट गाडीत बसून गेली आणि सिद्धी मागे राहिली, की मगच तिच्या घशाखाली घास उतरायचा.

ती पदराला हात पुसत वसरीच्या दारात येऊन उभी राहिली. रेश्माही देवखोलीतून हातातली फुलं तशीच घेऊन आली.

"असा बघा," रघुनाथने चष्मा लावला. हा माणूस कायदा समजावायला लागला की भाषा शुद्ध करायचा. "जुन्या करपद्धतीत शाळेच्या फीवर वजावट मिळते. पण एका माणसाला दोनच मुलांची. शिवदासने गौरेश आणि सेजल घेतली. कोटा भरला."

"आणि तिसरा?" नारायण म्हणाले.

"तिसरं त्याच्या नावावर मोजत नाहीत."

"अरे, मोजत नाय म्हणजे? माका सात झाली!" नारायणांना खरंच राग आला. "म्हणजे पाच जणा फुकट जल्माक इली? ह्यो गोकुळदास पाचवो. ह्यो सरकारात नायच?"

"बाबा, तुम्ही कधी कर भरलाच नाहीत."

"भरूक नाय म्हणान काय झाला? हिशोब तो हिशोब!"

रेश्माचं हिशोबात लक्ष नव्हतं, आपल्या चेडवात, पोरीत होतं. तिने फुलं खिडकीत ठेवली आणि सरळ गोकुळदासकडे बघितलं. "म्हणजे दादा, माझ्या चेडवाच्या नावावर तुमी कर वाचवलास?"

गोकुळदासने मान खाली घातली. मान खाली घालणं हा त्याचा सगळ्या प्रश्नांना एकच जबाब होता.

"मी समजी, चेडू हय मायेन रवला," रेश्मा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "वयनी जीव लायता, दादा अभ्यास घेतत. मी राती रडायचंय आणि परत म्हणायचंय, रवांदे, सुखात आसा. आणि हय तिच्यावर सूट काढतत! पुरे झाला. चवथ झाली की चेडू आमी पाळीक व्हरतलों. शाळेची बस थय दारात येता आता."

पोरीला घेऊन जाणार! सात वर्षं जे वाक्य येणार येणार म्हणून सुमंगला भीत होती, ते आलं. आणि आलं कुणामुळे? तिच्या स्वतःच्या नवऱ्यामुळे, चार पैशांच्या कराच्या लोभापायी. नवऱ्याचा तिला एवढा राग आला की सूप उचलून त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

"एक तोडगो आसा," नारायण म्हणाले. म्हातारा तोडग्यांत कधी कमी पडत नसे. "उद्या भट पूजेक येतलोच आसा. गणपतीच्या पूजेबरोबर दत्तकविधी करून टाकूया. एकाच दक्षिणेत दोन कामा."

"बाबा, फी मागच्या वर्षीची आहे. दत्तक उद्या घेऊन काय उपयोग?"

"भटाक सांगूया. तो मागच्या वर्साचो मुहूर्त काढून दितलो."

त्यांनी खरंच शिवदासकडून भटाला फोन लावून घेतला. भट पलीकडून एवढंच म्हणाला की उद्या त्याला चौदा घरं आहेत, दत्तक, मुंज, लग्न काहीही असो, अनंत चतुर्दशीनंतर बघू. नारायणांनी फोन ठेवला आणि हल्लीच्या भटांना धर्म राहिला नाही म्हणाले.

"तसं नाही होणार," रघुनाथने लॅपटॉप मांडीवर ओढला. "पावतीवर पालक म्हणून शिवदासचं नाव. पैसे गेले गोकुळदासच्या खात्यातून. कायदा म्हणतो, फी भरणारा बाप असला पाहिजे आणि बापाने फी भरलेली असली पाहिजे. इथे ज्याने भरली तो बाप नव्हे, आणि बाप आहे त्याने भरली नाही. ह्या फीवर जगात कुणाचाच हक्क नाही. तेव्हा सरळ लिहू." तो टाइप करायला लागला आणि टाइप करता करता मोठ्याने वाचायला लागला. "सदर मुलगी माझे अपत्य नाही. मला अपत्य नाही. वजावट चुकून घेतली. झालं. आता फक्त ओटीपी. वयनी, तुमच्या मोबाइलवर आला असेल."

तर ही एक त्या घराची रीत होती. गोकुळदासचा मोबाइल दोनदा विहिरीत पडला होता. नारायणांच्या मोबाइलचं बटण कुठलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. रिचार्ज कधी संपू न देणारी आणि फोन आला की उचलणारी घरात एकटी सुमंगला. म्हणून रघुनाथने आधार, गॅस, रेशन, बँक, सासऱ्याचं पेन्शन, आयकर, सगळं तिच्या नंबराला जोडून टाकलं होतं. दिवसातून दहा वेळा कुणीतरी हाक मारायचं, "सुमंगला, आकडो इलो?" आणि ती भाकरी थापता थापता आकडा सांगायची. कसला, कशासाठी, कधी विचारलं नाही.

मोबाइल कमरेला खोचलेला होता. टुंग असा वाजला. सुमंगलेने तो काढला, आकडा बघितला, आणि सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं.

"सांगा," रघुनाथ बोट उचलून तयार.

"सांगूचंय नाय."

"काय?"

"नाय म्हणतंय ना!" आणि ती वळली, स्वयंपाकघरात गेली, मोबाइल तांदळाच्या पिठाच्या मोठ्या डब्यात घातला, झाकण लावलं आणि वर बसली.

सुमंगला नाही म्हणाली, असं बावीस वर्षांत झालेलं नव्हतं. पाटल्या विकायला काढल्या तेव्हा ती नाही म्हणाली नव्हती. सासूचं आजारपण चार वर्षं केलं तेव्हा म्हणाली नव्हती. आणि आता सहा आकड्यांसाठी?

पहिल्यांदा गोकुळदास दारात आला. "अगे..."

"तुमी बोलूच नकात!" ती कडाडली. तो आला तसा परत गेला.

मग शिवदास आला. "वयनी, आकड्यात काय आसा? सरकारी काम ता."

"तुझा चेडू आमचा नाय असा माझ्या तोंडान बोलवून घेतास ना? लिवा खय ता. दगडार लिवा. माझो आकडो तुमका गावचो नाय."

आकडा पंधरा मिनिटांत मेला. रघुनाथने दुसरा मागवला. डब्यातून टुंग आवाज आला, सुमंगलेने डब्यावर बूड आणखी घट्ट टेकलं. तोही मेला. तिसरा मागवल्यावर रघुनाथ उंबऱ्यात येऊन म्हणाला, "वयनी, जास्त वेळा केलं तर पोर्टल बंद पडतं."

"पडांदे!"

तेवढ्यात बाहेर गॅसची गाडी आली. चवथीच्या आदल्या दिवशी सिलिंडर येणं म्हणजे साक्षात गणपती आल्यासारखं, आणि घरातला सकाळीच फुसफुसायला लागला होता. गॅसवाला सिलिंडर खांद्यावरून उतरवून दारात ओरडला, "राऊळ! कोड सांगा!"

नारायणांच्या तोंडचं पाणी पळालं. ते काठी टेकत स्वयंपाकघरात आले. "सुमंगला, बाय, आयकराचो नको. पण गॅसाचो तरी सांग."

"खयचोच नाय."

"अगे मोदक कशार उकडतलंस?"

"आयकरवाल्यांक बोलवा. ते उकडून दितले!"

बाहेर गॅसवाला म्हणाला, माका अजून वीस घरा आसत. नारायणांनी त्याला विनवलं, बसवला, केळं दिलं, पायरीवर सावलीत बस म्हणाले. तो बसला आणि आत काय चाललंय ते कान देऊन ऐकायला लागला. खरं सांगायचं तर ते ऐकायला त्याला केळ्याचीही गरज नव्हती.

रघुनाथ वसरीत येरझाऱ्या घालायला लागला. ह्या माणसाचं एक होतं, हातातलं काम अडलं की तो कायद्यात आणखी खोल जायचा. "मुळात ही वेळ यायलाच नको होती," तो म्हणाला. "तिसऱ्या मुलीला घरातच जागा होती. रेश्माच्या नावावर."

रेश्मा खिडकीपाशी उभी होती. "माझ्या? मी खय कर भरतंय?"

"दोन वर्षं भरतेस. तुझं रिटर्न मीच करतो ना. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळेपासून नवरा-बायकोची मिळकत निम्मी-निम्मी. पगार सोडून. आयकरवालेही तेच मानतात. शिवदासच्या ट्रकांचं निम्मं उत्पन्न तुझं."

रेश्माने हळूच मान वळवली. शिवदास पुन्हा स्टुलावर चढला होता, आणि आता त्याचा चेहरा खाली उतरायला वाट शोधणाऱ्या माणसाचा झाला.

"माझा उत्पन्न आसा?"

"आहे म्हणजे! चांगलं आहे."

"आणि मी चवथीची साडी घेवक ह्यांच्यासमोर हात पसरतंय? तीनदा इचारलंय! तीनदा! आणि हे म्हणतत, टायर बदलूचे आसत!"

"अगे ता कागदावर," शिवदास म्हणाला.

"कागदावर? दादाची चूक कागदावरच ना? तेका सगळे ओरडलास! तुमची चूक कागदावरची म्हणान चूक नाय?"

आत डब्यावर बसल्या बसल्या सुमंगलेला हसू फुटलं. एवढ्या रागातही फुटलं. आणि लगेच ते मावळलं, कारण जावयाच्या म्हणण्याचा अर्थ तिला कळला होता. रेश्माच्या नावावर जागा होती. म्हणजे कागदातसुद्धा आता पोरीला जायला जागा झाली.

रघुनाथ खुशीत आला. "तेव्हा पुढच्या वर्षापासून फी रेश्माने भरायची, वजावट रेश्माला. गोकुळदास मोकळा. तसाही त्याला काय फायदा झाला म्हणा..." बोलता बोलता तो लॅपटॉपवर काहीतरी खाली-वर करायला लागला, आणि थांबला. "हे काय?"

रघुनाथने पडदा डोळ्यांजवळ ओढला.

"गोकुळदास, मी तुला नवी पद्धत भरून दिली होती. तुझ्या पगाराला नव्या पद्धतीत कर शून्य. शून्य! तू जुनी केलीस?"

गोकुळदास आंबाड्यांशी बोलल्यासारखा बोलला. "हां."

"जुन्यात तुला अठरा हजाराच्या वर कर बसला! वर ही फीची वजावट धरूनसुद्धा बसला. अरे, कर वाचवायला माणूस वजावट घेतो. तू वजावट घ्यायला कर भरलास?"

"हां."

"कशाला?"

बाहेर गॅसवालाही केळ्याचं साल हातात घेऊन थांबला.

गोकुळदासने सूप बाजूला सारलं. "सोसायटीत दर वर्सा एक कागद देतत भरूक," तो म्हणाला. "जुन्या पद्धतीच्या कागदावर रकानो आसता. अपत्याचे नाव. नव्या पद्धतीच्या कागदावर तो रकानोच नाय." त्याने बोटाने हवेत रेघ ओढली. "नोकरेक लागल्यापासून मी तेच्यात रेघ मारतंय. बाजूचो कामत तीन नावा लिवता आणि जागा पुरना नाय म्हणता. गेल्या वर्सा मी रेघ मारूक नाय. सिद्धी लिवलंय. तो कागद हेडक्लार्काकडे गेलो, तेणी वाचल्यान, म्हणालो, बरा नाव आसा." त्याने सूप परत जवळ ओढलं. "कागद तसो भरलो म्हणजे रिटर्नात घालूकच होया. म्हणान घातलंय. कराचो इचार मी करूकच नाय."

सुमंगला डब्यावरून उठली. त्या दिवशीही आकडा तिनेच सांगितला होता. पेडण्याहून नवऱ्याचा फोन आला, "आकडो इलो?" आणि तिने नेहमीसारखा भाकरी उलटता उलटता सांगून टाकला होता. संध्याकाळी हा माणूस घरी आला तेव्हा सिद्धीसाठी बेकरीतून गरम पाव आणि शेव घेऊन आला होता. कशाचं हो, तिने विचारलं, तर म्हणाला, असाच. बावीस वर्षं एका घरात राहून आपल्याला वाटत होतं की मूल नसण्याचं दुःख आपल्या एकटीचं आहे, ह्याला काय, ह्याला सोसायटी आहे. तिला नवऱ्याची अशी माया आली, आणि मघाशी त्याच्यावर ओरडलो ह्याची अशी लाज वाटली, की ती डबा उघडायलाही विसरली आणि दारात येऊन नुसती उभी राहिली.

रेश्माने डोळ्यांना पदर लावला होता. शिवदास स्टुलावरून उतरला आणि भावाशेजारी जमिनीवर बसला. त्याने सुपातला एक आंबाडा उचलला आणि परत ठेवला.

"येडो रे तू दादा," तो म्हणाला. "अठरा हजार!"

"खूळ तर खूळ," नारायण म्हणाले, पण काठी टेकत ते त्याच्याजवळ येऊन उभे राहिले.

रघुनाथने चष्मा काढून पुसला. कायद्यात ह्याला कलम नव्हतं, त्यामुळे तो जरा गडबडला होता. "बरं," तो म्हणाला, "झालं ते झालं. पुढचं नीट करू. रेश्मा, पुढच्या वर्षीची फी तू भर. मी तुझ्या रिटर्नमध्ये सिद्धीचं नाव घालतो. तुझा कर खरंच वाचेल."

"नको," रेश्मा म्हणाली.

"नको म्हणजे?"

"माझ्या कागदार तिका घालू नकात."

"अगे, हक्काची सूट ती!" शिवदास म्हणाला. "कर वाचतलो!"

"वाचांदे नाय तर बुडांदे. माझा निम्मा ना? माझा मी बुडवतलंय." ती नवऱ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती दारातल्या सुमंगलेकडे बघत होती. "वयनी, मघाशी बोललंय ता रागान बोललंय. पण खोटा बोलूक नाय. माका ती होया. दर चवथीक होया वाटता. गाडीत बसलंय की मागे बघणा नाय मी, बघलंय तर उतरान येयन म्हणान."

"माका म्हायत आसा," सुमंगला म्हणाली. म्हायत कसली, तिला आजच कळलं होतं. सात वर्षं ती फक्त गाडी गेली की नाही एवढंच बघत आली होती.

"पण सात वर्सा तिची फी मी भरूक नाय. ताप इलो तर मी जागूक नाय. आता बस दारात इली आणि कर वाचता म्हणान तिका व्हरू? तसा व्हरलंय तर उद्या चेडू माका काय म्हणतला?" रेश्माने नाक ओढलं. "फी दादा भरतत, दादांनीच भरांदे. चेडू हय रवांदे. दर आयतवारी मात्र पाळीक धाडायचा. आणि मे म्हयनो पुरो माझो. त्यात मी ऐकूचंय नाय."

"पुरो तुझो," सुमंगला म्हणाली.

"म्हणजे वजावट कुणालाच नाही?" रघुनाथने हताशपणे विचारलं. "कुणालाच? एवढी फी जाते, आणि एवढी माणसं घरात कर भरतात, आणि कुणीच घेणार नाही?"

"नाय," दोघी एकदम म्हणाल्या.

नारायणांनी संधी साधली. "मगे गॅसाचो आकडो?"

सुमंगलेने डबा उघडला. मोबाइल पिठाने पांढराफटक झाला होता. तिने तो पदराला पुसला, आणि पहिल्यांदा गॅसवाल्याला कोड सांगितला, कारण गरीब बिचारा कधीचा बसला होता. तो सिलिंडर आत लावून गेला आणि जाता जाता गोकुळदासला उगाच हात जोडून गेला.

"भावजी, मागवा आता तुमचो," ती म्हणाली.

रघुनाथने चौथा आकडा मागवला. टुंग झालं. तरी त्याने तिच्याकडे जरा भीत भीत बघितलं. "लिहिलंय तसंच ठेवू ना? अपत्य नाही?"

सुमंगलेने नवऱ्याकडे बघितलं. गोकुळदासने मान हलवली, ह्या वेळी खाली न घालता.

"ठेवा," ती म्हणाली आणि सहाही आकडे एकेक करून स्वच्छ सांगितले. रघुनाथने बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. मग तिने परसाच्या बाजूला तोंड करून हाक मारली, "सिद्धी गेऽ! उतर आता खाली! जेवक ये!"

झाडावरून फांद्या हलल्याचा आवाज आला, आणि मागोमाग खणखणीत ओरडणं, "इलंय गे आये!"

दोघी एकदम वळल्या. दोघींनीही पाऊल उचललं होतं. रेश्मा थांबली, तिने दाराच्या चौकटीला हात टेकला आणि वाट सोडली.

"जा वयनी," ती म्हणाली, "तुका हाक मारल्यान."